मिसफातच्या पाटाकाठी, सहा हेडसेट घेऊन

"बाई, चुका काढायला या," नाझनीन फोनवर म्हणाली आणि मी तिकीट काढलं.

"फिरायला या", "आराम करायला या" असं ती चार वर्षं म्हणत होती. मी दाद दिली नव्हती. आराम मिरजेतही करता येतो. पण चुका काढायला कुणी समुद्रापलीकडून बोलावत असेल तर जायला हवं.

मी मस्कतला अकरा वर्षं भूगोल शिकवला. ह्यांची नोकरी तिथल्या एका बांधकाम कंपनीत होती आणि माझी एका भारतीय शाळेत. आम्ही परत आलो त्याला सत्तावीस वर्षं झाली, हे गेले त्याला पाच. नाझनीन माझी सातवी-आठवीतली विद्यार्थिनी. मूळची रत्नागिरीजवळची; तिच्या वडिलांचं मस्कतच्या रुवी भागात कापडाचं दुकान होतं. आता तिनं चाळिशी ओलांडलीय, नवरा सोहारच्या बंदरात इंजिनिअर आहे आणि ती स्वतः एका छोट्या ऑफिसात धडे तयार करते. धडे टांझानियाच्या किनाऱ्यावरच्या खेड्यांतल्या शाळांसाठी. ज्या ओमानी कुटुंबाच्या देणगीवर हे काम चालतं, त्यांचे आजोबा-पणजोबा तिकडेच व्यापार करत होते. धडे 'व्हीआर'चे, म्हणजे डोळ्यांवर डब्यासारखा हेडसेट बांधायचा आणि मान वळवाल तसं समोरचं दृश्य फिरतं. ज्या मुलांनी बर्फ पाहिला नाही त्यांना बर्फात उभं करायचं, अशी एकंदर कल्पना.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. मुंबईहून मस्कत पावणेतीन तासांच्या आसपास. घड्याळ दीड तास मागे घ्यायचं. व्हिसा घरबसल्या ऑनलाइन मिळतो, नियम मात्र बदलत असतात, स्वतः बघून घ्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. मे महिन्यात जाऊन मग उन्हाची तक्रार करू नका.

मी जानेवारीतल्या एका बुधवारी उतरले. विमानतळावरून रुवीला अर्ध्या रियालच्या आसपास पैशांत बस जाते आणि मी बसनंच येणार असं नाझनीनला बजावलं होतं. ती गाडी घेऊन उभी होतीच.

"बसचं काय ठरलं होतं?"

"बाई, बस गेली. खलास. बसा आता."

"खोटं बोलतेस."

"हो," ती म्हणाली आणि माझी बॅग डिकीत टाकली.

रुवीत आलो. घड्याळाचा मनोरा जागेवर होता. पैसे पाठवण्याच्या दुकानांपुढची रांग तशीच, फक्त रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात आता मोबाइल. आमच्या इमारतीखाली शिंप्याचं दुकान होतं, तिथे मोबाइलची कव्हरं लटकत होती. जिना चढून दुसऱ्या मजल्यापर्यंत गेले. दाराचा रंग बदललेला, पण पायऱ्यांना तोच वास, कुणाच्या तरी घरच्या तळलेल्या कांद्याचा. तेव्हा सुट्टी गुरुवार-शुक्रवार असायची, आता शुक्रवार-शनिवार असते. गुरुवारी संध्याकाळी आम्ही दोघं इथून मत्राच्या समुद्रापर्यंत चालत जायचो. हे दर वेळी म्हणायचे, परत येताना टॅक्सी करू. दर वेळी मी चालायला लावायची. आता वाटतं, दोन-चार वेळा टॅक्सी करायला हरकत नव्हती.

खाली कोपऱ्यावर चहा घेतला. इथे गाडीतूनच हॉर्न वाजवायचा, माणूस चहा आणून देतो. शेजारच्या गाडीतला ड्रायव्हर त्याला सांगत होता, "भाई, शक्कर कम बोला था, तुमने तो शक्कर में चाय डाल दी." चहावाला म्हणाला, "कल से कम, इन्शाल्ला." चहाबरोबर पराठ्यात चुरलेले बटाट्याचे चिप्स आणि चीज घालून देतात. ऐकायला विचित्र वाटतं. खा.

रात्रीच्या जेवणाआधी नाझनीननं मला दोन धडे दाखवले. मी एका ज्वालामुखीच्या काठावर उभी राहिले आणि खुर्चीचा हात घट्ट धरला, हे कबूल करते. मग सांगितलं, "उत्तर दिशा कुठे ते कुठेच दाखवलेलं नाही. डोंगर किती उंच ते कळायला शेजारी काहीतरी ओळखीचं हवं. माणूस, झाड, बकरी." तिनं वहीत लिहून घेतलं. शाळेतही अशीच लिहून घ्यायची, मान खाली घालून.

गुरुवारी दुपारी जेवायला रेहेमाबाई येणार होत्या. टांझानियातल्या टांगा शहराजवळच्या खेड्यात त्या सहावीचा वर्ग शिकवतात, सगळे विषय, एकाच वर्गात बावन्न मुलं. नाझनीनचे हेडसेट ज्या चार शाळांत गेलेत त्यातली ही पहिली. मस्कतजवळ सीबला त्यांच्या मावशीचं घर आहे आणि तिथे लग्न होतं, म्हणून त्या आल्या होत्या. नाझनीननं सुरमईचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. तीन वर्षं जिच्याशी फोनवर बोलली ती बाई प्रत्यक्ष भेटणार, म्हणून सकाळपासून घर दोनदा झाडून झालं होतं.

रेहेमाबाई पन्नाशीच्या, उंच, डोक्यावरून फुलाफुलांचं कापड घेतलेल्या. माझी ओळख झाल्यावर माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "म्वालिमु." म्हणजे शिक्षक. शेवटपर्यंत त्यांनी मला तशीच हाक मारली. आमचं तिघींचं बोलणं इंग्रजीत चाले.

जेवण आटोपल्यावर त्यांनी चाकांची बॅग पुढं ओढली, उघडली आणि तसल्याच फुलाफुलांच्या कापडात गुंडाळलेल्या सहा वस्तू एकेक करून टेबलावर ठेवल्या. हेडसेट होते.

"एकही फुटलेला नाही," त्या म्हणाल्या. "बघून घे."

नाझनीनच्या हातात भाकरीचं ताट होतं ते तसंच राहिलं. "पण का?"

"सहा मुलं आत जातात. सेहेचाळीस बाहेर भांडतात. आतल्यांना माझा आवाज जात नाही आणि ती काय बघतायत ते मला दिसत नाही. बाहेर आली की मी विचारते, काय पाहिलंस? सांगतात, 'न्झुरी.' छान. बर्फ छान. ज्वालामुखी छान. माझ्या वर्गात नुसतं 'छान' म्हणणाऱ्या मुलाला मी परत उभं करते. मग या डब्याला का सोडू?"

"मी आणखी सहा पाठवते. बारा झाले की भांडणं कमी होतील."

"मग बारा मुलं माझ्या हातून जातील."

नाझनीननं माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, "रेहेमाबाईंचं बरोबर आहे."

"बाई, तुम्ही माझ्या बाजूनं आहात ना?"

"तू चुका काढायला बोलावलंस."

तिनं ताट आत नेलं आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा शांतपणे सगळं सांगितलं. पुढच्या महिन्यात देणगीदार कुटुंबाची बैठक आहे. त्यांच्या फॉर्मवर एकच रकाना महत्त्वाचा असतो, किती हेडसेट वापरात आहेत. पहिल्याच शाळेनं सगळे परत केले असं दिसलं तर बाकीच्या तीन शाळाही विचारात पडतील आणि तीन वर्षांचं काम बंद होईल. "उद्या मी डोंगरातल्या मिसफात गावाला जातेय. पाण्याच्या वाटपाच्या धड्याचं चित्रण करायचंय. तुमच्या वर्गासाठीच करतेय. तो बघा आणि मग ठरवा."

रेहेमाबाई म्हणाल्या, "मला डोंगर बघायचेत, येते. डबे मात्र इथेच राहू देत."

शुक्रवारी सहाला निघालो. मस्कत ते निझवा रस्ता रुंद आणि गुळगुळीत, पावणेदोन तास. दोन्ही बाजूंना उघडे तपकिरी डोंगर. एका थराचा रंग दुसऱ्याला मिळत नाही. भूगोलाच्या माणसानं या रस्त्यावर गाडी चालवू नये, लक्ष राहणार नाही. नाझनीन चालवत होती आणि माझ्याशी बोलत नव्हती. पाणी हवं का, एवढंच विचारलं, तेही रेहेमाबाईंना.

शुक्रवारी निझव्याला बकऱ्यांचा बाजार असतो, आठच्या आत पोचा. विकणारे आपापल्या बकऱ्या घेऊन गोल फिरतात आणि घेणारे कडेला उभे राहतात. एक म्हातारा बकरीचे दात बघून मालकाला काहीतरी म्हणाला आणि सगळे हसले. मला अरबी फार थोडी येते. मावशीकडे येऊन-जाऊन अरबी कळू लागलेल्या रेहेमाबाईंनी सांगितलं, "तो म्हणाला, बकरी माझ्यापेक्षा म्हातारी आहे." निझव्याचा हलवा घ्या, केशराचा. डब्याचं झाकण घट्ट लावून घ्या.

तिथून अल हमरा आणि मग वर चढण. रस्ता वळणावळणाचा पण पक्का आहे, साधी गाडी जाते. मिसफात हे डोंगराच्या कडेला चिकटलेलं दगडामातीचं गाव. गाडी वरच ठेवायची. अंगभर कपडे घाला, तशी पाटीच आहे. गल्ल्या अरुंद, पायऱ्या झिजलेल्या. गुडघे धड नसतील तर काठी घ्या. दोन भिंतींमधून खाली उतरलो आणि एकदम खजुराच्या, केळीच्या सावलीत आलो. मधून पाण्याचा पाट वाहत होता, हातभर रुंद, स्वच्छ. याला फलज म्हणतात. डोंगराच्या पोटातलं पाणी असं उतारानं गावात आणतात आणि बागांना पाळीनं देतात.

त्या पाळ्या सांभाळणारे सईद नावाचे वृद्ध गृहस्थ आमची वाट बघत होते. पांढरा झगा, कमरेला पट्टा, मनगटावर मोठं घड्याळ. नाझनीन मोडक्या अरबीत काही सांगणार, तेवढ्यात रेहेमाबाई पुढं झाल्या आणि म्हणाल्या, "शिकामू."

म्हाताऱ्यांनी मान वर केली. "मरहबा," ते सावकाश म्हणाले. मग दोघांची स्वाहिलीत जी सरबत्ती सुरू झाली, ती पाच मिनिटं थांबेना. सईदबाबांचा जन्म तिकडच्या पेंबा बेटावरचा निघाला. लहानपणी बापाबरोबर परत आले ते परत कधी गेलेच नाहीत. 'शिकामू' हा तिकडे मोठ्यांना करायचा नमस्कार. तो आपल्याला कुणी करून किती वर्षं झाली, ते बोटांवर मोजत होते आणि बोटं पुरत नव्हती. नाझनीन आणि मी कडेला उभ्या. दोघी एकाच गोष्टीत आगंतुक ठरल्यामुळे असेल, तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहून जरा हसल्यासारखं केलं.

सईदबाबांनी पाणी कसं वळवतात ते दाखवलं. पाटाच्या भिंतीला भोक, त्यात दगड आणि चिंध्यांचा बोळा. बोळा काढला की पाणी बागेत. आमच्याकडे ऊसवाले दारं धरतात, अगदी तसंच. पूर्वी काठीची सावली बघून पाळी मोजायचे. आता घड्याळ आहे, पण पाळीचं माप जुनंच, अर्ध्या तासाचं.

नमाजाला जायचं असल्यामुळे त्यांच्याकडे थोडाच वेळ होता. एकदाच घ्यायचं, बारा मिनिटं. नाझनीननं पाटाच्या फाट्यापाशी तिपाई उभी केली. हा कॅमेरा चारी बाजूंचं एकदम टिपतो, त्यामुळे त्याच्या मागे उभं राहता येत नाही. त्याला मागची बाजूच नसते. तो चालू केला की सगळ्यांनी लपायचं.

"यल्ला, बाई, लवकर!"

आम्ही तिघी एका बागेच्या दगडी भिंतीमागे जमिनीवर बसलो. सत्तरीच्या पुढं मी भिंतीमागं लपेन असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला कोपऱ्यात उभं केलं असतं. पलीकडे सईदबाबा एकटे काम करत होते. कॅमेऱ्यात काय दिसतंय ते फक्त नाझनीनच्या मोबाइलवर येत होतं आणि त्याचा पडदा एवढासा, उन्हात दुसऱ्या कुणाला काही दिसेना.

"काय चाललंय?" मी हळू आवाजात विचारलं.

"छान येतंय, बाई. हिरवं हिरवं एकदम."

"हिरवं म्हणजे काय? केळी की खजूर?"

"दोन्ही."

"कुठे केळी? कुठे खजूर?"

"केळी खाली, खजूर वर."

"पाणी कुठून येतंय?"

"डावीकडून."

"कुणाच्या डावीकडून? तुझ्या, की सईदबाबांच्या?"

"कॅमेऱ्याच्या."

"कॅमेऱ्याला हात आहेत का?"

रेहेमाबाईंनी तोंडावर कापड धरलं. मी पर्समधून वही काढली आणि नाझनीन सांगेल तसं काढायला लागले. पाट, भिंत, पायऱ्या. "बोळा काढला का? पाणी आधी कुठे गेलं? सगळं वळलं की थोडं पुढं गेलं?" तिला उत्तर देता येईना तेव्हा ती पडद्यावर नाक टेकवून बघायची. "थांबा, थांबा. थोडं पुढं जातंय. भिंतीला फट आहे." तेवढ्यात रेहेमाबाईंनी माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली. "फट केवढी?" त्यांनी विचारलं. "हात जाईल? मूठ जाईल? म्हातारबुवा ती बुजवतायत की तशीच ठेवतायत?"

बारा मिनिटं संपली तेव्हा आम्हा तिघींना भिंतीबाहेर यायचं भान नव्हतं. मग वही घेऊन आम्ही फाट्यापाशी गेलो आणि चित्र पडताळून पाहिलं. पायऱ्या चुकीच्या बाजूला आल्या होत्या. फट मात्र बरोबर होती. सईदबाबांनी चित्र पाहिलं, मान हलवली आणि रेहेमाबाईंना काहीतरी म्हणाले. ती फट ते मुद्दाम ठेवतात. खालच्या बाजूला गुरं पितात. हे त्यांनी आधी आम्हाला सांगितलंच नव्हतं, कारण आम्ही विचारलं नव्हतं.

जेवण गावातल्याच एका पाहुणेघरात, भात, डाळ, मटण आणि ताक. आधी सांगून ठेवावं लागतं. रेहेमाबाई जेवताना वही उलटसुलट करून बघत होत्या. मग म्हणाल्या, "उद्या एक डबा सीबला आण. एकच. त्यात हा धडा घाल."

शनिवारी सीबचं लग्नघर. अंगणात सतरंज्या, मेंदी, ऊद, हलव्याचे डबे. घरातली नऊ मुलं रेहेमाबाईंनी एका खोलीत बसवली. सगळी ओमानी, आजीशी स्वाहिली बोलणारी आणि आपसात इंग्रजी-अरबीची खिचडी. हलव्याच्या खोक्यांची झाकणं फाडून आठ जणांना एकेक आणि एकेक पेन्सिल. हेडसेट उरलेल्या एका लहान मुलीच्या डोळ्यांवर. नियम दोन. बघणारीनं हात हलवायचे नाहीत, फक्त बोलायचं. बाकीच्यांनी 'छान आहे का' विचारायचं नाही.

पहिली पाच मिनिटं नुसता गलका. मी उठून गप्प करणार होते. रेहेमाबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आजोबा आहेत," मुलगी म्हणाली.

"दाढी आहे?"

"आहे. पांढरी."

"चप्पल?"

"चप्पल... थांबा." तिनं मान खाली घातली. "नाही. पाण्यात उभे आहेत."

"कुठपर्यंत पाणी?"

"तुझ्या मागं काय आहे?" दुसऱ्यानं ओरडून विचारलं.

मुलगी गर्रकन वळली. "भिंत. बाकी काही नाही."

"काही नाही कसं? दगड आहेत की माती? दार आहे?"

"दगड... आणि सरडा! भिंतीवर सरडा आहे!"

आठच्या आठ झाकणांवर सरडा आला. दोघांनी तो आजोबांपेक्षा मोठा काढला आणि त्यावरून भांडण झालं. नाझनीननं आदल्या रात्री तो धडा तपासायला कितीदा तरी बघितला होता. तिनं हेडसेट घेतला, लावला आणि भिंतीकडे वळली. "आहे," ती म्हणाली. "मी कधी मागं बघितलंच नव्हतं."

पाऊण तासानं रेहेमाबाईंनी झाकणं गोळा केली आणि सांगितलं, "मी दोन नेते."

नाझनीनचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "दोन? सहा न्या ना. सहा गट करा."

"सहा गटांत मी एकटी कुणाकडे बघू? एक बघायला, एक चार्जिंगला. सगळा वर्ग एकत्र विचारेल. दोन."

परत येताना गाडीत आम्ही दोघीच होतो. नाझनीन एकदम मराठीत सुरू झाली. "बाई, मी एका शाळेला सहा का दिले माहितीये? जास्त पाहिजे होते मला. प्रत्येक मुलाला एक. तुमच्या स्लाइड्स आठवतात?"

आठवतात कशा नाहीत. दर सुट्टीत मी सह्याद्रीचे, कृष्णेचे फोटो स्वतः काढून त्यांच्या स्लाइड्स करून आणायची. ज्या मुलांनी वाहती नदी पाहिलेली नाही त्यांना ती दिसावी म्हणून. पडदे ओढून, दिवे घालवून दाखवायची.

"मी त्या कधी बघितल्याच नाहीत," नाझनीन म्हणाली. "शेवटचा बाक. पुढं तो उंच मुलगा. तुमची कृष्णा नदी म्हणजे माझ्यासाठी त्याचे केस."

"मग सांगायचं होतंस."

"तुमच्या तासाला? कुणाची हिंमत होती, बाई?"

"पेपरात तर तू नीट लिहायचीस."

"शेजारची स्मिता सांगायची. कानात. एकदा तुम्ही आम्हाला पकडलंत आणि दोघींना बाहेर उभं केलंत, तास संपेपर्यंत. म्हणून मला वाटतं, कुणालाही कुणाच्या मागं बसून ऐकायला लागू नये. प्रत्येकानं स्वतः बघावं."

मी आठवायचा प्रयत्न केला. बाहेर मी पुष्कळांना उभं केलं आहे. त्यात या दोघी सापडेनात. "मला आठवत नाही," मी खरं ते सांगितलं. मग विचारलं, "काय सांगायची ती?"

"घाटाची स्लाइड होती ना? वळणावर लाल एसटी थांबलीय. ड्रायव्हर खाली उतरून चाकाकडे बघतोय, टोपी काखेत धरलीय. टपावर एक टोपली, कोंबड्यांची असेल. दरीत कुणीतरी गवत पेटवलंय, धूर सरळ वर जातोय. म्हणजे वारा नाही."

ती स्लाइड मी स्वतः काढली होती. अकरा वर्षं दर वर्षी दाखवली. त्यावर मी खडकाचे थर शिकवायची. एसटी मला आठवत होती. ड्रायव्हर नाही, टोपी नाही, धूरही नाही.

"सगळं लक्षात आहे तुझ्या," मी म्हटलं.

"शब्द न् शब्द," ती म्हणाली. गाडी मत्राच्या किनाऱ्याला लागली. समुद्रात लाकडी गलबतं उभी होती, फिरायला आलेल्या लोकांची गर्दी होती. तिनं गाडी कडेला घेतली, पण इंजिन बंद केलं नाही.

"दोनच द्यायचे," ती म्हणाली. "आणि फॉर्मवर दोनच लिहायचे."

"त्यांनी काम बंद केलं तर?"

"तर तुमची ती झाकणं नेऊन दाखवीन त्यांना. सरड्यासकट."

"माझी नाहीत. रेहेमाबाईंची आहेत."

"बाई, एकदा तरी चूक न काढता बसा ना," ती म्हणाली, आणि मी बसले.

रविवारी दोन हेडसेट, दोन चार्जर आणि पेन्सिलींचे चार खोके आम्ही सीबला पोचवले. पेन्सिली मी रुवीतून घेतल्या. खडूच्या डब्यांसाठी ज्या दुकानात जायचे ते दुकान अजून आहे, मालकाचा मुलगा बसतो. रेहेमाबाईंनी सगळं परत त्याच कापडात गुंडाळलं. उरलेलं कापड माझ्या खांद्यावर टाकलं आणि म्हणाल्या, "म्वालिमु, वर्गात गोंधळ झाला तर घाबरू नका." मला घाबरट म्हणणारी ही पहिलीच.

मिरजेला येऊन आता दीड महिना झाला. हलवा संपला. कापड टेबलावर अंथरलंय. स्लाइडची पेटी माळ्यावरून काढली. निम्म्यांवर बुरशी आहे आणि घाटाची सापडली नाही. ओमानचे किल्ले, समुद्र, डोंगर सगळं पाहण्यासारखं आहेच. त्याचे फोटो कुठेही मिळतील. माझ्याजवळ राहिली ती भिंतीमागची बारा मिनिटं. काही न दिसता मी इतकं बारकाईनं दुसरं काही पाहिलेलं नाही.

बैठक झाली. देणगीदारांनी काम बंद केलं नाही, वाढवलंही नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बघू म्हणाले. नाझनीनला तेवढ्यानं झोप लागते म्हणे.

परवा रेहेमाबाईंचा आवाजी निरोप आला. मागे पन्नासेक मुलं एकाच वेळी बोलत होती. ज्या मुलीची हेडसेट लावायची पाळी अजून आलेलीच नाही, तिनं एक प्रश्न विचारला होता, तो त्यांनी मला कळवला. आजोबा दगड लावून पाणी बंद करतात तेव्हा एखाद्याची बाग अर्धीच भिजलेली असेल. तो माणूस रागावत कसा नाही?

मला उत्तर येत नव्हतं. शाळेत असताना अशा वेळी मी म्हणायची, हे परीक्षेला नाही, खाली बस. नाझनीनला फोन केला. तिलाही येत नव्हतं. येत्या शुक्रवारी ती मिसफातला जाऊन सईदबाबांना विचारणार आहे.

मी रेहेमाबाईंना निरोप पाठवला: त्या मुलीला सांगा, थांब, विचारून सांगते.